कोणत्या हाताने

बाबांची बदली मुकुटबनला झाली आणि घरात पुरुष म्हणावा असा मीच उरलो. मिसरूड फुटायची होती अजून. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी मला ओट्यावर बसवून रात्री दार कसं उघडायचं ते शिकवलं, म्हणजे खरं तर कसं उघडायचं नाही ते. कोणी हाक मारली तर आधी आईला उठवायचं. दाराशेजारच्या खिडकीची एकच फळी ढकलायची, तीही बोटभर. नाव विचारायचं, गाव विचारायचं. बाबा घरी नाहीत हे काही झालं तरी सांगायचं नाही, झोपलेत, म्हणायचं. त्यांच्या जुन्या चपला रोज रात्री ओट्यावर दिसतील अशा ठेवायच्या आणि सकाळी आत घ्यायच्या. बाबा कचेरीतले कारकून, सगळं कलमवार सांगण्याची सवय. मी प्रत्येक कलमाला मान डोलावली. त्या चपला मी इतक्या निष्ठेने मांडत असे की एकदा कुत्र्याने त्यातली एक पळवली तेव्हा शाळा बुडवून मी ती गल्लीभर शोधली होती.

यवतमाळच्या त्या भाड्याच्या घरात तीन खोल्या एकामागे एक होत्या. पहिलीत मी झोपे, मधलीत सामान, आणि शेवटच्या स्वयंपाकघरात आई आणि माझी धाकटी बहीण बेबी. हिवाळ्यात चुलीची ऊब रात्रभर टिकायची म्हणून त्या दोघी तिथेच अंथरूण टाकत. दिवस कापसाचे होते. जिनिंगचा भोंगा झाला की आमची संध्याकाळ व्हायची, आणि मग बराच वेळ रस्त्यावरून कापसाच्या गाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, गाडीवानांची एकमेकांना दिलेली शिवी. बोरी अरबहून आजोबा, म्हणजे आईचे वडील, कोणाच्या ना कोणाच्या हाती तुरीच्या शेंगा धाडत. त्या सोलायला आम्ही तिघं बसायचो. हिरव्या तुरीच्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. सोले भरडून घातलेली वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि वर कच्चं तेल, याच्यापुढे मला आजही काही सुचत नाही. शेंगा सोलताना आई बोरीच्या गोष्टी सांगे. आजोबा तिथे मास्तर होते. "माझ्या बापाने गावाला अक्षर शिकवलं," ती म्हणायची, आणि तेवढं बोलून उगाचच पदर सारखा करायची.

त्या वर्षी शहरात चोऱ्या फार झाल्या. कुठे पितळी भांडी गेली, कुठे लग्नाची पेटीच. गल्लीतल्या पुरुषांनी गस्त सुरू केली, आणि तिचे मुख्य झाले समोरचे गुल्हानेकाका. पोलिसात नव्हते ते, सोसायटीत मापारी होते. पण गस्त सुरू झाल्यापासून चालणं बदललं होतं त्यांचं. विजेच्या खांबावर काठी आपटत ते गल्लीतून फिरायचे. प्रत्येक घराने खिडकीजवळ एक थाळी टांगायची, संशय आला की बडवायची, असा हुकूम त्यांनीच काढला. एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून त्यांनी चोरांची रीत सांगितली.

"हे पाय वसंता, चोर एकदम नाई घुसत. पयले एक जन येते. तोंडाले कपडा. सभ्य बोलते. इचारते, घरात मोठं मानूस कोन हाये? मंग इचारते, जेवनं-बिवनं झाले का? म्हंजे झोपले का जागे, हे समजते त्याले. नाव इचारलं का टाळते. असा कोनी आला का थाळी. बाकीचं आमी पायतो."

आई आतून म्हणाली, "भाऊजी, त्याला आणखी भिववू नका हो."

"भिवत नाई वयनी तो. मरद हाये घरचा."

हे वाक्य माझ्या अंगावर मूठभर मांस चढवून गेलं. मला वाटतं, पुढे जे झालं त्यातला अर्धा वाटा या मांसाचा आहे.

आता मी नागपूरला मुलाकडे असतो. दाराबाहेर कॅमेरा आहे, बेल वाजली की मुलाच्या मोबाइलवर तोंड दिसतं. तो ऑफिसात बसून कुरिअरवाल्याला "तिथेच ठेवा" सांगतो आणि दाराच्या आत बसलेल्या मला ते दारातून ऐकू येतं. घर सुरक्षित असावं याच्या विरोधात मी नाही. मला फक्त हे ठाऊक आहे की पडद्यावर तोंड दिसतं, आणि आलेला माणूस कशासाठी आला आहे ते दिसत नाही. मला तर तोंडही दिसलं नव्हतं.

शनिवार होता. बाबा पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी येत, आणि तो त्यांच्या येण्याचाच शनिवार. शेवटच्या बसपर्यंत आईने वाट पाहिली, भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली, मग म्हणाली, "कामात अडकले असतील," आणि दिवा मालवला. गल्ली कधीच झोपली होती. थंडी अशी की कुत्रीसुद्धा राखेत शिरलेली. मला झोप लागत होती, तेवढ्यात बाहेर सायकल उभी केल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. कोणीतरी आहे आणि तो नुसता उभा आहे, हे मला अंधारात कळत होतं. मग अगदी हलक्या आवाजात हाक आली.

"बापू... ओ बापू."

पहिलं कलम: आईला उठवायचं. मी उठवलं नाही. मी घरचा मर्द होतो. खिडकीची फळी बोटभर ढकलली. खांबावरच्या दिव्याच्या कडेला, उजेड जिथे संपतो तिथे, एक माणूस घोंगडी पांघरून उभा होता. तोंडाला मफलर गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. तो ओट्यापासून चार हात लांब होता.

"कोण आहे?"

"बाप हाये का घरात, बेटा?"

"आहेत. झोपलेत."

"उठव त्याईले. जराक काम हाये."

"काय काम?"

"त्याईलेच सांगीन."

"नाव काय तुमचं? गाव कोणतं?"

त्याने आमच्या दाराकडे पाहिलं, मग दाराच्या वरच्या अंधाराकडे, जणू आत कोण जागं आहे ते ऐकत होता. आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "सांगतो ना. पयले बापाले उठव." आणि मग, थोडं थांबून, "जेवनं झाले का तुमचे?"

गुल्हानेकाकांचा शब्दन् शब्द उभा राहिला. तरी मी एक शेवटचा प्रयत्न केला, तो स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन. म्हणालो, "पाणी पाहिजे का?" वाटलं, पाण्यासाठी ओट्यावर चढला तर नीट पाहता येईल.

"नाई," तो घाईने म्हणाला, आणि एक पाऊल मागे सरकला. "पानी नको. पानी नाई पेत."

रात्री सायकल मारून आलेला माणूस पाणी नाकारतो, ओट्यावर चढत नाही, नाव सांगत नाही. मी खिळ्यावरची थाळी काढली आणि लाटण्याने बडवायला लागलो.

गल्ली किती पटकन जागी झाली! गुल्हानेकाका, सायकल दुकानाचा बबन, कोपऱ्यावरचे पांडेमास्तर, आणि मागून आणखी चारपाच जण, काठ्या, कंदील, एकाच्या हातात तर नुसतं पायताण. माणूस पळाला नाही. त्याची सायकल हाताशी होती, तो पळू शकला असता. तो खाली बसला आणि हात जोडले. दोनचार थपडा बसल्या, मफलर सुटला.

"जावईबापूले बोलवा," तो म्हणत होता. "त्याईले सांगतो. जावईबापूले बोलवा."

"जावई म्हने!" बबन म्हणाला. "सासऱ्याच्या घरी आला का बे?" सगळे हसले. हसणं ऐकून मला हायसं वाटलं. मी दार उघडून उंबऱ्यावर आलो. गुल्हानेकाकांनी काठी वर धरलेलीच होती, पण खाली आणली नव्हती. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "वसंता, का करत होता हा?"

मी आयुष्यात फार कमी वेळा इतका एकटा होतो. आठदहा माणसं माझ्या थाळीवर झोपेतून उठून आली होती. या माणसाने काही केलं नव्हतं. बाप कुठे आहे, जेवलात का, एवढंच त्याने विचारलं होतं. तेच सांगितलं असतं तर? उद्या गल्लीत म्हणाले असते, पोट्टं भ्यालं.

"कडी काढत होता," मी म्हणालो. "खिडकीतून हात घातला होता."

"कोनत्या हातानं?" बबनने विचारलं.

"उजव्या."

हे मी इतक्या वर्षांत कोणालाही सांगितलेलं नाही. त्याने खिडकीत हात घातला नव्हता. त्याने आमच्या ओट्यावर पायसुद्धा ठेवला नव्हता. त्याचा उजवा हात घोंगडीच्या आत होता, आणि तो बाहेर ओढून काढावा लागला. मी स्वतः मारलं नाही. मी उंबऱ्यावर उभा राहून पाहिलं. तो ओरडला तेव्हा आमच्या भाषेत नाही ओरडला, "याडी" म्हणाला, तांड्यावरच्या गोरबोलीत आईला म्हणतात तसं.

थाळीने जागी झालेली माझी आई घाबरलेल्या बेबीला धरून आत बसली होती, ती त्या ओरडण्याने उठली. मला बाजूला सारून ती पुढे आली, केस सुटलेले, पदर कसाबसा. कंदील त्या माणसाच्या तोंडावर होता.

"थांबा!" ती ओरडली. "अहो थांबा, हा तर बोरीचा थावरू!"

काठ्या थांबल्या. थावरू म्हणजे आजोबांचं शेत करणारा. बोरीजवळच्या तांड्यावर राहायचा. त्याच्या आजापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य गावोगाव नेलं, आणि हा आता तांड्यावर कापूस पेरत होता. आई त्याला लहानपणापासून ओळखत होती. मी त्याला सुट्टीत बोरीला पाहिलं असणार, पण शेतातल्या माणसाचं तोंड लक्षात ठेवण्याची आमच्या घरच्या मुलांना गरज पडत नसे.

"थावरू, तू? एवढ्या रात्री?"

तो हात पोटाशी धरून वाकला होता. ओठ फुटलेला. त्याने आईकडे पाहिलं, मग आमच्या दारात बाबांना शोधलं, आणि कळलं त्याला की ते नाहीत. तेव्हाही त्याने सांगितलं नाही. त्याने एवढंच विचारलं,

"जेवल्या का, ताई?"

आई उंबऱ्यावर खाली बसली. तिला समजलं. गल्लीतल्या बायकांना समजलं. मरणाचा सांगावा घेऊन येणारा माणूस तो बाईला किंवा लेकराला तोंडावर सांगत नाही, घरच्या पुरुषाला बाजूला घेऊन सांगतो. आधी जेवणं झाली का विचारतो, कारण बातमी कानावर पडली की त्या घरात घास उतरत नाही, आणि लेकरं उपाशी राहतात. तो पाणी पीत नाही, बसत नाही. थावरू गावाचं नाव सांगत नव्हता, कारण बोरीचा माणूस रात्री आला एवढं आतून ऐकलं असतं तरी आईला पुढचं सांगावं लागलं नसतं. तो तिला वाचवत होता. ही रीत मलाही ठाऊक असायला हवी होती. पण आम्ही बदल्यांच्या गावी वाढलेली मुलं. मला चोराची रीत शिकवलेली होती, सांगाव्याची नव्हती.

आजोबा दिवेलागणीला गेले होते. शेवटची बस निघून गेलेली. मामाने विचारलं कोण जाईल, आणि थावरूने सायकल काढली. मामा म्हणाला होता, आज शनिवार, भाऊजी घरी असतील, त्यांनाच सांग. ताईला एकदम सांगू नको.

पहाटे कोणाची तरी जीप मिळाली. ती येईपर्यंत आई चुलीपुढे बसून होती. थावरूला बबन आणि आणखी एक जण दवाखान्यात घेऊन गेले होते. गल्लीतले लोक आमच्या ओट्यावर खालच्या आवाजात बोलत होते, आणि त्या बोलण्याचा सूर हळूहळू बदलत होता, तो मी ऐकत होतो. गुल्हानेकाका म्हणाले, "आला असन सांगावा घेऊन. पन पोट्टं एकटं दिसलं, नियत फिरली. कायले हात घालत होता मंग?" कोणी तरी म्हणालं, तांड्यावरचे ते. कोणी "हो ना" म्हणालं. सगळ्यांना ते पटण्याची गरज होती, आणि गरज माझ्याएवढी कोणालाच नव्हती.

आईने मला जवळ बोलावलं. डोळे कोरडे होते. "वसंता, खरं सांग. तो कडी काढत होता?"

"हो."

तिने चुलीत पाहिलं. मग म्हणाली, "बापाचं प्रेत घरात असताना." एवढंच.

तेरवीला आम्ही बोरीला होतो. मांडवात पंगत बसली होती. थावरू आला, उजवा हात गळ्यात बांधलेला, अंगात धुतलेला सदरा. मांडवाच्या कडेला, जोडे काढून ठेवले होते तिथे, तो बसला. मामाने त्याला पान वाढायला लावलं. आई वाढत होती. तिने त्याला पाहिलं, हातातलं भांडं खाली ठेवलं, ती सरळ घरात गेली आणि आतल्या खोलीला बाहेरून कडी लावली. बाहेर आली, परत गेली आणि कडीत कुलूप अडकवलं. कुलूप खडखडलं. मांडवात सगळ्यांनी ऐकलं नसेल, पण थावरूने ऐकलं. तो आईकडे नाही, माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं. तो फक्त वाट पाहत होता. मी आता तरी काही म्हणेन, असं त्याला वाटलं असावं. मी पाणी वाढायची लोटी उचलली आणि दुसऱ्या पंगतीकडे गेलो.

तो पानावरून उठला. मामाने विचारलं, "काहून उठला रे?"

"पोट भरलं, मालक," तो म्हणाला. पानावर सगळं तसंच होतं.

त्यानंतर माझं शिक्षण झालं, नोकरी झाली, मुलं झाली. घरात कोणी ती गोष्ट काढली की मी कामाला उठायचो. आईने ती फार वेळा काढली. नातवंडांना सांगायची, तुमच्या बाबांनी एवढ्याशा वयात चोर पकडला, आणि पुढे हळूच, "आपला म्हणावा असा माणूस, पण." अखेरच्या आजारात ती दवाखान्यात होती. एका दुपारी आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "आई, तो थावरू..." ती म्हणाली, "त्याचं नाव नको घेऊस आता." मी घेतलं नाही. मला परवानगी मिळाल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. दोन दिवसांनी ती गेली.

मागच्या हिवाळ्यात मी बोरीला उतरलो आणि तांड्याची वाट विचारली. रस्ता आता डांबरी आहे. थावरूचा मुलगा माझ्याहून थोडा लहान, पांढऱ्या मिशा, अंगणात कापसाच्या ढिगाजवळ बसला होता. थावरू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी मास्तरांचा नातू म्हटल्यावर त्याने खाट टाकली, चहा सांगितला.

"माह्या बापाचा लय जीव होता मास्तरवर," तो म्हणाला. "त्याईच्याच सांगाव्याले गेलता म्हने, अन् सायकल घसरली. हात गेला तो गेलाच. डाव्या हातानं वावरात डवरा धरे, पन रातचं धाडलं म्हून बोल नाई लावला कोनाले."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. थावरूने घरी सांगितलंच नव्हतं. चोर म्हणून मार खाल्ला हे बायकोला, मुलाला सांगायचं नव्हतं त्याला, किंवा मास्तरांच्या लेकीच्या दारात खाल्ला हे सांगायचं नव्हतं. मी त्याचं नाव धुवायला आलो होतो, आणि इथे ते स्वच्छच होतं. उठून जाता आलं असतं. चहा चांगला झाला होता, एवढं बोलून.

मी सांगितलं. थाळीपासून कुलपापर्यंत सगळं. शेवटी त्याने विचारलं, "तुमच्या आईले सांगतलं होतं का?"

"नाही."

"मंग मले सांगून का उपेग?"

त्याने कापसातली एक काडी उचलून लांब फेकली. "बाप कोनाच्या घरी गेला ना, तर कडी नाई वाजवे," तो म्हणाला. "बाहीर उभा राहून हाका मारे. आपल्या सोताच्या घरीबी. पान्यात भिजे, पन दाराले हात नाई लावे. आमी हासत होतो त्याले. माय म्हने, येडा झाला."

त्याची आई आत होती. नव्वदीची असावी. तो उठून आत गेला आणि गोरबोलीत तिला सांगू लागला. मला शब्द कळत नव्हते, पण 'मास्तर' ऐकू आलं, 'थाळी' ऐकू आलं. मग काठी टेकत ती बाहेर आली आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसली. मी खाटेवरून खाली उतरलो. ती मुलाशी काही बोलली.

"म्हनते, मारनारे कोन कोन होते, नावं सांग."

मी सांगितली. गुल्हाने. सायकलवाला बबन. पांडेमास्तर. आठवली तेवढी सगळी. सगळे मेलेले आहेत, हेही सांगितलं. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. मी थांबलो तरी ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग तिने मुलाला दोनच शब्द सांगितले.

"म्हनते, पयलं नाव राह्यलं."

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.